बाळाला ‘के’ दिले का?

जून महिन्यात पहिलीच्या प्रवेशाची गर्दी सुरू झाली की पालक प्लॅस्टिकच्या पिशवीतले सगळे कागद आमच्या टेबलावर ओततात. जन्मदाखला, आधार कार्ड, रेशनकार्ड, दवाखान्याचा डिस्चार्ज पेपर आणि घडीवर फाटलेले माता बाल संरक्षण कार्ड. आम्हाला हवी असते फक्त जन्मतारीख. पण कागद हाती आले की शिक्षकाचे डोळे सवयीने सगळेच वाचतात. लसींचे रकाने बहुधा भरलेले असतात. बीसीजी, पोलिओ, कावीळ ब ही नावे तर आयांना तोंडपाठ असतात. मात्र “जन्मल्या जन्मल्या व्हिटॅमिन के दिलं होतं का?” असे विचारले की दहांतल्या आठ-नऊ जणी एकमेकींकडे बघतात. सोबत आलेली नानी म्हणते, “मांडीत एक सुई दिली होती, कशाची ते नाही सांगितलं.”

त्या एका सुईबद्दल लिहायचे आम्ही बरेच दिवस मनात धरले होते. नवजात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो हे ऐकले की कोणाचाही थरकाप होतो आणि बोलणे तिथेच थांबते. अल्लाहची मर्जी म्हणून माणसे गप्प होतात, किंवा आईचे काही चुकले असेल म्हणून कुजबुजतात. वस्तुतः या रक्तस्रावाचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत. त्यांतला एक प्रकार असा आहे की तो पूर्ण दिवसांच्या, गुटगुटीत, अंगावर पिणाऱ्या बाळाला होतो आणि तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो. म्हणून आधी त्याविषयी.

रक्त गोठण्यासाठी यकृतात काही घटक तयार व्हावे लागतात आणि त्यांतल्या चार प्रमुख घटकांना ‘के’ जीवनसत्त्व लागते. याचा शोध कोंबडीच्या पिलांवरून लागला. कोपनहेगनमधले हेन्रिक डाम पिलांना स्निग्ध पदार्थ काढून टाकलेला आहार देत होते, तर पिलांना ठिकठिकाणी रक्तस्राव होऊ लागला. आहारातला कोणता पदार्थ कमी पडतो हे शोधता शोधता त्यांना हे जीवनसत्त्व मिळाले. रक्त गोठण्याला तिकडच्या भाषेत ‘कोआग्युलेशन’ म्हणतात आणि तो शब्द ‘के’ अक्षराने लिहितात, म्हणून नाव ‘के’. या कामासाठी डाम आणि अमेरिकेचे एडवर्ड डॉयझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोठ्या माणसाला हे जीवनसत्त्व मेथी, पालक, कोथिंबीर यांतून मिळते आणि थोडे आतड्यातले जिवाणूही बनवतात. बाळाची गोष्ट निराळी. आईच्या रक्तातले ‘के’ वारेतून बाळापर्यंत फारच थोडे पोहोचते. जन्मल्यावर त्याच्या आतड्यात ते जिवाणू अजून वसलेले नसतात. आणि आईच्या दुधात बाकी सगळे भरभरून असले तरी ‘के’ अगदी नगण्य असते. आईने रोज पालेभाजी खाल्ली तरी ती उणीव भरून निघत नाही. इथे एक गैरसमज लगेच दूर करावासा वाटतो. याचा अर्थ आईचे दूध कमी प्रतीचे आहे असा मुळीच नाही. डब्याच्या दुधात ‘के’ घातलेले असते हे खरे, पण त्यासाठी अंगावरचे दूध तोडून डबा आणणे म्हणजे एका इंजेक्शनाच्या जागी दहा आजार विकत घेणे आहे. दूध आईचेच द्यायचे, आणि जन्मताच एक सुई द्यायची.

भारत सरकारने २०१४ साली यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला, सरकारी असो की खासगी, पहिल्या चोवीस तासांत मांडीच्या स्नायूत हे इंजेक्शन द्यायचे. बाळाचे वजन एक किलो किंवा जास्त असेल तर १ मिलीग्रॅम, त्याहून कमी असेल तर ०.५ मिलीग्रॅम. बस, आयुष्यात एकदा. ही लस नाही. म्हणूनच ती लसींच्या यादीत लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि कोणी दिली नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

न दिल्यास काय होते? रक्तस्राव तीन वेळांना होऊ शकतो. पहिल्या चोवीस तासांत तो बहुधा अशा बाळांना होतो ज्यांच्या आया गरोदरपणी फेफऱ्याची, क्षयाची किंवा रक्त पातळ करणारी काही औषधे घेत असतात. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे, स्वतःहून बंद करू नयेत. दुसरी वेळ पहिल्या आठवड्यातली. तेव्हा बेंबीतून, नाकातून, शीतून रक्त दिसते. तिसरी वेळ सर्वांत वाईट. दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत केव्हाही, आणि विशेषतः तीन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. या उशिराच्या प्रकारात निम्म्याहून अधिक बाळांना रक्तस्राव थेट डोक्यातच होतो. जुन्या नोंदींप्रमाणे इंजेक्शन न मिळालेल्या एक लाख बाळांमागे चार ते सात जणांना हा उशिराचा रक्तस्राव होतो, आणि आशियातल्या काही देशांत प्रमाण याहून जास्त आढळले आहे. आकडा लहान वाटेल. ज्या घरात तो घडतो तिथे तो लाखात एक नसतो.

तीन ते आठ आठवडे म्हणजे आपल्याकडे कोणते दिवस, हे जरा बघा. चिल्ल्याचे, म्हणजे चाळीस दिवसांचे. बाळंतीण माहेरी असते. बाळंतपण झालेले असते एका गावी, बाळ असते दुसऱ्या गावी, आणि डिस्चार्ज पेपर असतो सासरी कपाटात. आमच्याकडे लोणी देवकरला तर हे नेहमीचेच. एमआयडीसीत कामाला आलेली कुटुंबे बाहेरगावची, ऊस तोडायला येणारी टोळी त्याहून लांबची, आणि इथल्या मुली दिलेल्या कोणी दौंडला, कोणी करमाळ्याला. बाळाला जन्मतः काय दिले आणि काय राहिले हे जवळ असलेल्या कोणालाच ठाऊक नसते.

आमच्या परिचयातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. बाळ पाच आठवड्यांचे, पहिलेच, वजन चांगले, मायलेक माहेरी. नाळ पडून महिना होत आला तरी बेंबीच्या फडक्याला अधूनमधून लाल डाग पडे. एकदा नाकातून थेंबभर रक्त आले, तेव्हा नख लागले असेल असे सर्वांना वाटले. तिसऱ्या दिवशी बाळाने दूध तोडले, उलटी झाली आणि ते विचित्र, किरट्या आवाजात रडू लागले. संध्याकाळी एक पाय सायकल मारल्यासारखा हलू लागला आणि नजर एका बाजूला खिळली. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले पोट दुखते, घुट्टी द्या. रात्री बारामती, तिथून पुणे. सीटी स्कॅनमध्ये डोक्यात रक्त दिसले. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का?” उत्तर कोणाकडेच नव्हते. जिथे बाळंतपण झाले त्या दवाखान्याला फोन केला, त्यांच्याही कागदावर नोंद नव्हती. बाळ वाचले. आज ते बालवाडीत येते, पण उजवी मूठ पूर्ण उघडत नाही आणि धावताना उजवा पाय ओढते. त्याच्या अम्मीला मात्र अजूनही ऐकून घ्यावे लागते की चिल्ल्यात मगरिबनंतर अंगणात गेली होती म्हणून असे झाले. अंगणाचा आणि या आजाराचा काडीचाही संबंध नाही, हे आम्ही त्या घरी तीनदा सांगून आलो आहोत. लागले तर चौथ्यांदा जाऊ.

मोठ्या रक्तस्रावाआधी अशी लहान सूचना पुष्कळ बाळांत मिळते. बेंबीतून थांबून थांबून येणारे रक्त, नाकातून वा हिरड्यांतून रक्त, कुठे आपटले नसताना अंगावर निळे-काळे डाग, रक्ताची उलटी, जन्मानंतरची पहिली काळी शी संपून गेल्यावर पुन्हा डांबरासारखी काळी शी, लस टोचलेल्या जागेवरून न थांबणारे रक्त. यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली, शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी होत असेल तर तीही धोक्याची खूण समजावी. पित्त आतड्यात उतरत नसेल तर ‘के’ शोषले जात नाही, आणि अशा बाळाला जन्मतः दिलेली सुईसुद्धा पुरेशी ठरत नाही.

आपल्या घरांत आणखी दोन प्रसंग असतात जिथे हे कळून येते. सातव्या दिवशी अकीका आणि केस काढणे, आणि पुढे खतना. वस्तऱ्याच्या बारीक कापातून तासभर रक्त वाहत राहिले, किंवा खतन्याची जखम बांधूनही पट्टी भिजत राहिली, तर ‘कारागिराचा हात जड होता’ एवढ्यावर विषय संपवू नये. खतना दवाखान्यात करायचा असेल तर डॉक्टर आधी विचारतीलच. घरी करणार असाल तर तुम्ही स्वतः विचारा: ‘के’ दिले होते का, आणि घराण्यात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास होता का?

हा दुसरा प्रश्न हजार वर्षे जुना आहे. अंदलुसमधले कोर्डोबाचे शल्यचिकित्सक अबुल कासिम अल-जहरावी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास ‘किताबुत्तसरीफ’ या आपल्या ग्रंथात एका गावातल्या अशा पुरुषांची नोंद केली आहे की ज्यांना किरकोळ जखम झाली तरी रक्त थांबत नसे आणि ते दगावत. घराण्यातून चालत येणारा हा दोष आज हिमोफिलिया म्हणून ओळखला जातो. तो आईकडून मुलाकडे येतो आणि जवळच्या नात्यातल्या लग्नाशी त्याचा संबंध नाही. पण गोठण घटकांचे काही दुर्मीळ दोष असे आहेत की ते आई आणि वडील दोघांकडून आले तरच बाळात उतरतात. तेराव्या घटकाची उणीव हा त्यांतला एक. चुलत-मावस-आते भावंडांच्या लग्नात तो उतरण्याची शक्यता वाढते. आणि हे केवळ आपल्या समाजापुरते नाही, महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होते. या दोषात नाळ पडताना बेंबीतून रक्त येत राहते आणि डोक्यातल्या रक्तस्रावाचा धोकाही मोठा असतो. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या यात ठीक येतात, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ ऐकून घरी येऊ नये, वेगळी तपासणी लागते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आजारांवर काम करणारी आयसीएमआरची संस्था आहे, तिथे असे दुर्मीळ दोष तपासले जातात. घरात आधीचे एखादे बाळ रक्तस्रावाने गेले असेल तर ती गोष्ट लपवू नये. पुढच्या बाळाचा जीव त्या एका वाक्यावर अवलंबून असू शकतो.

काही जण विचारतात, या इंजेक्शनाने कॅन्सर होतो म्हणे? ही अफवा हवेतून आलेली नाही. १९९०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एका अभ्यासात तसा संशय व्यक्त झाला होता. त्यानंतर वेगवेगळ्या देशांत फार मोठ्या संख्येने मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि तो संशय टिकला नाही. पण भीती मागे उरली. २०१३ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यात आईवडिलांनी नको म्हटल्यामुळे इंजेक्शन न मिळालेली चार बाळे काही महिन्यांतच रक्तस्राव होऊन रुग्णालयात आली, त्यांतल्या तिघांच्या डोक्यात रक्त झाले होते. शिकलेल्या, पैसेवाल्या देशातली ही गोष्ट. आपल्याकडे नकार क्वचितच असतो. आपल्याकडे राहून जाते ते घाईत, रिक्षात किंवा उसाच्या फडावर झालेल्या बाळंतपणात. तसे राहिले असेल तर डॉक्टरांना सांगावे, नंतरही देता येते.

आता डोक्यात रक्त झाल्याच्या खुणा. बाळ दूध ओढत नाही, सारखे झोपेत राहते, फिकट पडते, उलट्या करते, किंचाळल्यासारखे रडते. उभे धरून शांत असताना टाळू फुगलेली आणि ताठ लागते. झटका म्हणजे सगळे अंग थडथडले पाहिजे असे नाही. लहान बाळाचा झटका म्हणजे ओठांची चुळबुळ, पायाची सायकल, खिळलेली नजर किंवा मध्येच थांबलेला श्वासही असू शकतो. अशा वेळी कांदा वा चप्पल हुंगवू नये, तोंडात पाणी, शहद, घुट्टी काही घालू नये. बाळाला कुशीवर वळवावे, ऊबदार गुंडाळावे आणि १०८ ला फोन करावा. दुवा गाडीतही करता येते. आमचे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर आहे ही मोठीच सोय आहे. एका बाजूला भिगवण, दुसऱ्या बाजूला इंदापूर, आणि बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्यापूर्वी फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात: नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का, आणि सीटी स्कॅन होते का? नाहीतर तीन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवण्यात रात्र जाते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार, औषधे, रक्त आणि वाहन मोफत आहे. कारण ‘के’ची उणीव असेल तर शिरेतून दिलेल्या ‘के’ने काही तासांतच रक्त गोठू लागते. लागल्यास प्लाझ्मा देतात, कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

उलट, बाळाच्या डोक्यावर दिसणारी प्रत्येक गाठ म्हणजे मेंदूतले रक्त नव्हे. कठीण बाळंतपणानंतर डोक्याच्या एका बाजूला मऊ टेंगूळ येते. ते रक्त कवटीच्या बाहेर, हाडाच्या वरच्या पातळ आवरणाखाली असते आणि काही आठवड्यांत आपोआप जिरते. त्याने कावीळ थोडी वाढू शकते एवढे लक्षात ठेवावे. ते चोळू नये, दाबू नये, सुईने तर काढूच नये. सूज सगळ्या डोक्यावर पसरत चालली आणि बाळ पांढरे पडू लागले तर मात्र तातडीने न्यावे. डोके गोल करण्यासाठी मालीशवाली जे दाबते त्याचीही काही गरज नाही. तेल लावायचे तर हलक्या हाताने लावावे. टाळू तेलाने ‘भरत’ नाही, दीड वर्षापर्यंत आपली आपण भरते.

कमी दिवसांच्या बाळांची कथा अगदी वेगळी आहे आणि तिथे फक्त ‘के’ पुरत नाही. बत्तीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, आतल्या पोकळ्यांच्या कडेला, अतिशय नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. पूर्ण दिवस भरेपर्यंत ते आपोआप विरून जाते. बाळ आधीच बाहेर आले तर रक्तदाबातला थोडा चढउतारही त्याला सोसत नाही. हा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो आणि अनेकदा वरून काहीच दिसत नाही, म्हणून टाळूवर सोनोग्राफीचे यंत्र ठेवून आत पाहतात. टाळूला हाड नसते, त्यामुळे ती खिडकीसारखी उपयोगी पडते. डॉक्टर ‘ग्रेड’ सांगतात, एक ते चार. पहिल्या दोन ग्रेडची बहुसंख्य बाळे पुढे चांगली वाढतात. तिसऱ्या-चौथ्या ग्रेडमध्ये डोक्यात पाणी साचण्याचा आणि हातापायांच्या हालचालीत दोष राहण्याचा धोका असतो, म्हणून डोक्याचा घेर दर भेटीत टेपने मोजून लिहायला सांगावा.

हे टाळण्याचा उपाय बाळ पोटात असतानाच करायचा असतो. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की वेळेआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. पुढे लक्षात आले की मेंदूतला रक्तस्रावही त्याने कमी होतो. आपल्याकडे चोवीस ते चौतीस आठवड्यांत कळा आल्या तर डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने बारा-बारा तासांनी देतात, आणि पहिला डोस उपकेंद्रातली नर्सताईसुद्धा देऊ शकते. औषध साधे आणि स्वस्त आहे, वेळ मात्र महाग आहे. सातव्या महिन्यात कंबर धरली, पोट दगडासारखे कडक होऊन सुटू लागले की ‘सकाळी बघू’ म्हणू नये. बाळ जन्मल्यावर काचेच्या पेटीतून शंभर किलोमीटर नेण्यापेक्षा ते आईच्या पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात नेणे कितीतरी सुरक्षित असते.

घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. ‘आमचं बाळ ठीक आहे’ म्हणून त्यांना दारातून परत पाठवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. या भेटींमागे गडचिरोलीचा अनुभव आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजाताची तपासणी आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवले. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. बेंबीवरचा तो लाल डाग आशाताईंना दाखवायचा असतो, फडक्याखाली झाकायचा नसतो.

आणि जी बाळे यातून वाचतात ती पुढे आमच्या वर्गात येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा त्यांच्या अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. तो अभ्यास रक्तस्रावापुरता नव्हता, पण आम्हा शिक्षकांच्या फार उपयोगाचा आहे. या मुलांची बुद्धी इतरांपेक्षा सरासरीने थोडी मागे असली तरी सर्वसाधारण मर्यादेतच होती. अडचण दिसली ती लिहिण्यात आणि गणितात. म्हणून जन्मतः अतिदक्षता विभागात राहिलेल्या मुलाचे तसे कागद असतील तर प्रवेशाच्या वेळी ते आम्हाला जरूर दाखवावेत. त्याला पहिल्या बाकावर बसवता येते, पेन्सिल जाड देता येते, उत्तर लिहून नाही तर तोंडी घेता येते. वर सांगितलेल्या त्या मुलाला आम्ही डाव्या हाताने अक्षर गिरवायला दिले आहे. ‘अलिफ’ आणि ‘अ’ दोन्ही त्याला जमू लागले आहेत. ‘बे’च्या खालचा ठिपका अजून रेघेबाहेर जातो.